दोन लहान मुलं, नोकरी आणि सकाळची पंधरा मिनिटं: टापटीप कसं राहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरमध्ये नोकरी, मोठं मूल शाळेत, धाकटं आठ महिन्यांचं आणि अजून अंगावर पितंय. सकाळी स्वतःसाठी जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. जुने कपडे बसत नाहीत, केस मूठमूठ गळतात, आणि हळदीकुंकवाला साडी नेसायची म्हटली की तासभर जातो.

ताई, पार्लरच्या आधी टेलरकडे जा. बाळंतपणानंतर बाई विस्कटलेली दिसते, त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे खांद्यावरून घसरणारा किंवा छातीवर ताणलेला कुर्ता. तो बदलला की निम्मं काम होतं.

कुर्ता घालून आरशात आधी खांदा बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. ती खाली दंडावर आली असेल तर तो कुर्ता बाजूला काढा, कारण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवणं आलं. खांदा बरोबर असेल तर बाकी सगळं जमतं. दोन्ही बाजूंच्या शिवणी अर्धा-अर्धा इंच आत घेतल्या की पुढचा-मागचा मिळून घेर दोन इंचांनी कमी होतो, हे टेलरला सांगताना लक्षात ठेवा. ‘एक इंच आत घ्या’ एवढंच म्हटलं तर घेर चार इंचांनीही जाऊ शकतो. मुंढा, म्हणजे काखेत बाही जोडतात तो घेर, काचतो म्हणून तो खाली खोल कापून घेऊ नका. मुंढा खाली गेला की हात वर केल्यावर अख्खा कुर्ता वर ओढला जातो, आणि तुमचे हात दिवसभर वरच असतात, बाळाला उचलायला नाहीतर बसच्या दांडीला. मुंढा थोडा वर आणि बाही जरा सैल, हे जास्त सोयीचं.

दूध पाजणं सुरू असेपर्यंत छातीचं माप दिवसभरातही कमीजास्त होतं. म्हणून आत्ता सगळं कपाट शिवून घेऊ नका. पाच कुर्ते पुरेत. पुढून बटणपट्टीचे घ्या आणि आत दोन्ही बाजूंना इंचभर मार्जिन सोडायला सांगा. पाचही कुर्ते ज्यांच्यावर चालतील अशा दोनच पँट ठेवा, एक काळी आणि एक गडद निळी. मग सकाळी विचार करावा लागत नाही, अंधारात हाताला येईल ते घातलं तरी जोडी जमते. ब्राचं मापही नव्याने घ्या, जुनीवर कितीही चांगला कुर्ता घाला, तो अंगावर नीट बसतच नाही. पट्टा पाठीवर वर चढत असेल तर तो सैल आहे. नवीन ब्रा नेहमी सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, म्हणजे पुढे इलॅस्टिक ढिलं झालं की आतले हुक कामाला येतात.

कापड सुतीच घ्या, पण एकरंगी फिकट नको. आपल्या धार जिल्ह्यातल्या बाग गावची ठशांची छपाई, म्हणजे बाग प्रिंट, लहान मुलांच्या आईसाठी उत्तम: लाल-काळी, भरगच्च, वरणाचा थेंब पडला तरी दिसत नाही. पहिल्या दोनतीन धुण्यांत रंग सोडते, तेव्हा वेगळी धुवा आणि सावलीत उलटी वाळवा. कापड सीतलामाता बाजारात किंवा क्लॉथ मार्केटमध्ये स्वतः हात लावून घ्या. मुठीत पाच सेकंद चुरगाळून सोडा, घडी तशीच राहिली तर ते ऑफिसात दुपारपर्यंत टिकणार नाही.

डागांबद्दल एवढंच. दुधाचा डाग आधी गार पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं तो पक्का बसतो. तेलाच्या डागावर कपडा कोरडा असतानाच भांड्यांच्या साबणाचा थेंब चोळा आणि दहा मिनिटांनी धुवा. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नका. धुऊन ओलाच कडक उन्हात टाका, ऊन ती हळद फिकी करतं.

आता केस. बाळंतपणानंतर दोनचार महिन्यांनी केस भरभर गळायला लागतात, कारण गरोदरपणात जे केस गळायचे थांबले होते ते सगळे एकदम सुटतात. मूल वर्षाचं होईपर्यंत हे बहुतेक आपोआप थांबतं. त्यासाठी महागडं तेल घेण्याची गरज नाही. वर्षानंतरही गळणं सुरूच राहिलं, किंवा सोबत फार थकवा असला, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडणं काही दुर्मीळ नाही.

केस निस्तेज आणि चरबट होतात ते मात्र अनेकदा बोअरिंगच्या पाण्यानं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतं. नळाला लावायच्या छोट्या फिल्टरनं पाण्याचा जडपणा जात नाही, त्यावर पैसे घालवू नका. नर्मदेचं पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवा आणि केस त्यानंच धुवा. ते शक्य नसेल तर निदान शेवटचे दोन मग तरी त्या पाण्याचे घ्या. पंधरा दिवसांतून एकदा एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ते केसांवर ओता, दोन मिनिटांनी साध्या पाण्यानं धुवा. कापताना खांद्याच्या जरा खाली, एकाच लांबीत कापा. लेयर्स सुंदर दिसतात, पण रोज सेट कराव्या लागतात आणि अंबाड्यातून सुटून बाहेर येतात. आठदहा आठवड्यांनी टोकं छाटली की बास.

चेहऱ्यासाठी तीनच गोष्टी: मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, लिपस्टिक. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, निघण्याआधी पंधरा मिनिटं. स्कूटरवर ओढणी बांधता म्हणून ते टाळू नका, आणि हाताचे पंजे विसरू नका. गरोदरपणात वांग आले असतील तर रंगीत सनस्क्रीन घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड उन्हातल्या दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतं, साधं सनस्क्रीन तेवढं अडवत नाही. एक गोष्ट मी कळकळीनं सांगते: वांग घालवायला मेडिकलवाल्यानं दिलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम लावू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ, लाल होते, पुरळ येतं, आणि बंद केलं की आणखी बिघडतं. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि बाळ अंगावर पितंय हे आधी सांगा. काजळ पसरत असेल तर डोळ्याखाली चिमूटभर पावडर लावून मग घाला. नखं आखूड, रंग त्वचेच्या जवळचा, म्हणजे पॉलिश उडालं तरी कळत नाही.

साडीचा तास मात्र नक्की वाचतो, तयारी आदल्या रात्री करा. चपला आणि परकर घालून एकदा साडी पूर्ण नेसा. चपला आधीच, कारण टाचेनं उंची बदलते आणि मग साडी आखूड दिसते. पदराच्या चारपाच इंची निऱ्या करून खांद्याशी पिन लावा. पुढच्या सहासात निऱ्या वर आणि खाली कपड्यांच्या चिमट्यांनी पकडा. मग साडी सोडा, निऱ्यांवर हलकी इस्त्री फिरवा आणि चिमट्यांसकट हँगरला टांगा. दुसऱ्या दिवशी गुंडाळायचं, खोचायचं, चिमटे काढायचे. पाच-सात मिनिटांत होतं.

साडी माहेश्वरी असेल तर आणखी सोपं. वजनाला हलकी, चापूनचोपून बसते, आणि बुगडी किनार दोन्ही बाजूंनी सारखी असते. तिला फॉल न लावता नुसता पिको करून घ्या. ऐनवेळी बाळानं एका बाजूला काही सांडलं तर पुसून उलटी नेसता येते. पिन थेट कापडात खुपसू नका, रेशमाचा ताणा तिथूनच सुटतो. पिनेत आधी एक बारीक मणी ओवा, म्हणजे कापड पिनेच्या गोल टोकात अडकून फाटत नाही.