जर्मनीतली ऑटोमेशनची नोकरी: तुम्ही विचारलंत म्हणून

तुम्हाला जर्मनीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या प्लांटची ऑफर आहे, आणि तुम्ही विचारताय की रोबोट वाढतायत म्हणजे नोकरी पक्की ना, मुलीलाही घेऊन यावं का. व्हिसा, पगाराची अट हे सरकारी वेबसाइटवर नीट दिलेलं आहे, ते सोडतो.

रोबोट आले की खर्चातला मजुरीचा वाटा घटतो, मग कंपनीला स्वस्त देशात जायचं कारण उरत नाही, असं म्हणतात. पण तोच रोबोट स्वस्त देशातही बसतो. 2023 मध्ये जगभर बसवलेल्या नव्या औद्योगिक रोबोटांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये बसले. आदिदासने जर्मनीत आन्सबाखला बुटांचा ऑटोमेटेड कारखाना काढला. 2019 मध्ये तो बंद करायचं जाहीर केलं आणि ते तंत्र आशियातल्या पुरवठादारांकडे नेलं. नोकियाने 2008 मध्ये जर्मनीतल्या बोखुमचं मोबाइल बनवायचं काम रोमानियात क्लुजजवळ हलवलं, आणि 2011 मध्ये तोही प्लांट बंद करायचं ठरवलं. म्हणून प्लांट टिकेल का ते ओळखायला पगारापेक्षा आधी हे विचारा: नव्या पार्टची ट्रायल तिथे होते का? टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायचा विभाग, तिथे आहे का? की नुसतं जुनं मॉडेल चालवतायत?

आमच्या प्लांटमधली उत्पादनाची लाईन पूर्वेकडच्या देशात गेली तेव्हा हलवायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक केबलला टॅग लावायचा, पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या) प्रोग्रामातल्या जर्मन टिपा इंग्रजीत करायच्या. एक जुना ऑपरेटर शेजारी उभा राहून सांगायचा, थंडीत तिसऱ्या स्टेशनचा ग्रिपर, म्हणजे पार्ट पकडणारा पंजा, अडकतो, सकाळी आधी दहा वेळा रिकामा चालवून घ्या. हे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हतं. मी ते लिहून घेतलं आणि पुढच्या लोकांच्या हातात दिलं. त्याची नोकरी गेली, माझी राहिली. याबद्दल मला नेमकं काय वाटतं, ते अजूनही सांगता येत नाही.

त्याच वर्षी मुलाची चौथी होती. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं ते ठरतं. गणितात तो वर्गात पुढे, पण जर्मन कच्चं. शिक्षिकेची शिफारस आली ती खालच्या शाळेची. त्यात माझ्या इथे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण रखडलं होतं. अपॉइंटमेंट मिळेना, हातात फक्त तात्पुरता कागद, आणि बँक तो मानायला तयार नाही. शाळेशी भांडायला अंगात बळच उरलं नव्हतं. पुढे तो वरच्या शाळेत गेला, नीट शिकतोय. तरी त्या बाईंचं ते शांतपणे ‘त्याच्यासाठी हेच बरं’ म्हणणं आजही डोक्यात जातं.

एकटेपणा येतो, कामात निघून जातो. मुलगी पाच-सहा वर्षांची असेल तर बिनधास्त आणा. नऊ-दहाची असेल तर तिचं जर्मन आजपासून सुरू करा, तुमच्या आधी तिचं. आणि प्लांट कुठला ते कळवा, तिथे नवं मॉडेल येतंय का ते मी ओळखीत विचारून सांगतो.