वाचकांचे प्रश्न : फांद्या, बुरादा आणि मंडळाची नोटीस

प्रश्न : स. न. वि. वि. ताई, पालद्याजवळ माझं आणि धाकट्या भावाचं एक छोटं आवार आहे. टाउनशिप, शाळा, बागा यांच्याकडच्या छाटलेल्या फांद्या आणि पालापाचोळा आम्ही घेतो. फर्निचरवाल्यांकडून लाकडाचे तुकडे आणि बुरादा, म्हणजे लाकडाचा भुसाही येतो. फांद्या चिपर यंत्रात घालून चुरा करतो, तो ब्रिकेटवाल्यांना (चुरा दाबून जळणाच्या विटा करणाऱ्यांना) विकतो. पाल्याचं खत करतो. सुरुवातीला एका सल्लागाराने सांगितलं होतं की निगमचं (महापालिकेचं) एक पत्र असलं की झालं, पर्यावरणाचंच काम आहे, कोण विचारतंय. आता शेजारच्या वस्तीने धूळ आणि धुराची तक्रार केली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारणे दाखवा नोटीस हातात पडली. उत्तराला पंधरा दिवस दिलेत. आम्ही काही जाळत नाही, ढीग रात्री आपोआप धुमसतो. वकील म्हणतात, तक्रार खोटी आहे असं लिहून द्या. काय करू?
— एक लघुउद्योजक, पालदा, इंदूर

उत्तर : भाऊ, तक्रार खोटी आहे असं मुळीच लिहू नका. ढीग धुमसतो हे तुम्हीच मला कळवलं आहे. काडी कोणी लावली हा पुढचा प्रश्न. धूर तुमच्या आवारातून निघाला आणि शेजारच्या घरात शिरला, एवढं नोटिशीला पुरतं. खोटं उत्तर एकदा फाइलला लागलं की नंतरच्या खऱ्या उत्तरांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

निगमचं पत्र म्हणजे कचरा उचलायची किंवा जागा वापरायची मुभा. मंडळाची संमती ही वेगळी गोष्ट आहे. १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा या दोन्हींखाली आधी उभारणीची संमती घ्यायची आणि मग चालवण्याची. तुमच्याकडे दोन्ही नाहीत असं पत्रावरून दिसतं. म्हणून पहिलं काम हे, की ऑनलाइन अर्ज भरा, त्याची पावती काढा आणि ती उत्तराला जोडा. संमती हाती येईपर्यंत चिपर बंद ठेवा आणि नवा माल घेऊ नका. हे ऐकायला कडू आहे, घरात पैसा त्यावरच येत असणार, हे मला कळतं. पण पर्यावरण भरपाईची रक्कम काढताना उल्लंघनाचे दिवस गुणले जातात. यंत्र बिनसंमतीचं चालू राहिलं तर रोज एक दिवस तुमच्या खात्यावर चढतो.

मंडळ प्रदूषणाच्या प्रमाणानुसार उद्योगांना रंगांचे वर्ग देतं; अर्जात आपला उद्योग कोणत्या रंगात बसतो ते मनाने ठरवू नका. केंद्रीय मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत उन्हात वाळवलेल्या बायोमास ब्रिकेटचा उद्योग पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या यादीत होता, आरा मशीन (लाकूड चिरायचं यंत्र) त्यावरच्या हिरव्या यादीत. ही यादी त्यानंतर सुधारली गेली आहे, त्यामुळे आजची प्रत समोर ठेवा. तुमच्याकडे चुरा आहे, खत आहे, बुरादाही साठवलेला असतो. तीनही कामं अर्जात स्वच्छ लिहा आणि वर्ग मंडळाला ठरवू द्या. एकच सोयीचं काम दाखवून बाकीची लपवली, तर पाहणीच्या दिवशी तो खताचा ढीग काही खिशात घालता येत नाही.

किती टनांसाठी अर्ज करायचा, इथे बहुतेकजण चुकतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला ५ टनांहून जास्त कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्याला मंडळाकडून वेगळं प्राधिकारपत्र घ्यायला लावलं. लोक वर्षाची सरासरी काढतात आणि म्हणतात, आम्ही तर तीन टनवाले. आपल्या शहराचाच आकडा पाहा. बिचोली हप्सीच्या हरित कचरा प्रकल्पाची माहिती सरकारने २०२५ मध्ये दिली, तेव्हा इंदूरचा लाकूड-फांद्यांचा कचरा एरवी रोज ३० टन आणि पानगळीत ६० ते ७० टन सांगितला होता. म्हणजे दुप्पट. तुमच्याकडेही फाल्गुन-चैत्रात तेच होणार. अर्ज गर्दीच्या महिन्याच्या वजनावर करा, आणि वजन धर्मकाट्याच्या (भरलेली गाडी तोलायच्या काट्याच्या) पावतीचं असू द्या. ट्रॉली गच्च दिसते म्हणून टनाचा अंदाज बांधू नका. पाल्याची ट्रॉली फार फसवते.

आता धुराकडे येते. ओला हिरवा चुरा ढिगात घातला की त्यातले जीवाणू कामाला लागतात आणि ढीग आतून तापतो. खताच्या राशीत ५५ ते ६५ अंश हवेच असतात, त्याशिवाय गाजरगवताचं बी मरत नाही. पण चुऱ्याच्या उंच ढिगातली उष्णता बाहेर पडत नाही, तापमान सत्तरच्या पुढे गेलं की जीवाणू मागे पडतात आणि लाकडाचं स्वतःचं ज्वलन हळूहळू सुरू होतं. बारीक बुरादा आणि पाला एकत्र, वर लोडर चढवून दाबलेला, त्यावर एक पाऊस: धुमसायला याहून जास्त काही लागत नाही. मी पाहिलेल्या आवारांमध्ये आग बहुतेक वेळा सगळ्यात जुन्या ढिगाला लागली होती, कारण नवा माल पुढे विकला जायचा आणि मागचा तसाच राहायचा.

म्हणून ढीग दहा फुटांच्या आत ठेवा. दोन ढिगांमध्ये अग्निशमनाची गाडी जाईल एवढी वाट सोडा. बुरादा, चुरा आणि पाला वेगवेगळे रचा, लोडर ढिगावर चढवू नका, आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढा. प्रत्येक ढिगावर तारखेची पाटी लावा. लांब दांड्याचा तापमापक घ्या. तो येईपर्यंत लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसून ठेवा आणि काही मिनिटांनी ओढा. हाताला सोसवत नसेल तर त्याच दिवशी ढीग उपसायचा. वरून पाणी मारून भागत नाही, पाणी वरच्या वितीतच जिरतं आणि आतलं धुमसणं चालूच राहतं. पाण्याची लाइन तयार ठेवून ढीग फोडायचा, पसरायचा, मग भिजवायचा. आकडे रोज वहीत लिहा. नोटिशीच्या उत्तराला या वहीची पानं जोडता आली तर त्यांचं वजन वकिलाच्या चार पानांहून जास्त आहे.

पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ धुराची नाहीच. ‘फर्निचरवाल्यांकडून लाकडाचे तुकडे येतात’, ही ती ओळ. कोणते तुकडे? आजच्या फर्निचरच्या दुकानात निव्वळ लाकूड किती उरलंय? प्लाय, एमडीएफ, सनमायका, कडेची पीव्हीसी पट्टी, जुन्या दाराचा रंग. प्लाय आणि एमडीएफ फॉर्मल्डिहाइडच्या राळेने चिकटवलेले असतात. पीव्हीसी जळलं की क्लोरीनचे विषारी वायू निघतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि वाळवी लागू नये म्हणून मुरवलेल्या काही लाकडात तांबं, क्रोमियम, आर्सेनिक असतं. हे सगळं एकदा चिपरमधून गेलं की चुऱ्यातून वेगळं करणं जगात कोणालाही जमत नाही. तो चुरा ब्रिकेट होऊन कुणाच्या तरी बॉयलरमध्ये जातो. थोडा खतात मिसळला तर कुणाच्या मेथीच्या वाफ्यात जातो.

खत विकायचं तर खत नियंत्रण आदेश १९८५ मधले शहरी कंपोस्टचे निकष पाळावे लागतात. किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅमच्या आत, क्रोमियम ५० च्या आत, आर्सेनिक १० च्या आत. निव्वळ पाला आणि फांद्या असतील तर हे निकष सहसा अडचणीत आणत नाहीत. रंगीत दारांचा चुरा त्यात गेला तर प्रयोगशाळेचा अहवाल तुमच्याच विरुद्ध बोलेल.

तेव्हा कायदा पाळायची तुमची जागा फाटक आहे. फाइल नंतर. फाटकाशी एक माणूस उभा करा आणि त्याला ट्रक परत पाठवायचा अधिकार द्या. नुसता उभा केला आणि मालक फोनवर ‘घेऊन टाक’ म्हणाला, तर त्या माणसाचा काही उपयोग नाही. साधं लाकूड, फांद्या-पाला, बुरादा असे तीन वेगळे चौक करा. प्लाय, रंगीत लाकूड, दोरी-प्लास्टिक दिसलं की माल उतरवायचाच नाही. पीथमपूरच्या कारखान्यांकडचे पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) येत असतील तर त्यांवरचा शिक्का वाचायला शिकवा : एचटी म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालेल, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको. खिळे काढल्याशिवाय काहीही पात्यात जायचं नाही, ठिणगी तिथूनच उडते. आणि परत पाठवलेल्या मालाची एक वही ठेवा : तारीख, गाडी, काय होतं, का नाकारलं. घेतलेल्या मालाची वही सगळेच दाखवतात. नाकारलेल्या मालाची वही दाखवणारा माणूस खरंच तपासतो, हे पाहणीला आलेल्याला लगेच कळतं.

एखादं जाड खोड आलं तर सोबत झाड तोडायच्या परवानगीची प्रत मागा. मध्य प्रदेशात शहरातल्या झाडांसाठी २००१ चा संरक्षण कायदा आहे, आणि काही जातींच्या लाकडाला वनविभागाचा टीपी, म्हणजे वाहतूक परवानाही लागतो. खोडं चिरायला आवारात छोटी आरा मशीन बसवायचा मोह होईल. १९८४ च्या काष्ठ चिराण कायद्याखाली तिला वनविभागाचा वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर आरा आवारात नुसती ठेवूसुद्धा नका.

बाकीचं थोडक्यात. चिपर वस्तीच्या उलट्या बाजूला, तीन बाजूंनी बंद शेडमध्ये. तोंडाशी पाण्याचा फवारा. वस्तीकडची आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, रात्र म्हणजे दहा ते सहा; रात्रपाळी विसरा. जनरेटर १०० केव्हीएचा असेल तर त्याचं धुराडं इमारतीच्या उंचीपेक्षा २ मीटर वर हवं. खताची जागा पक्क्या फरशीची करा, तिचा उतार एका टाकीकडे द्या आणि तिथे साठलेलं काळं पाणी परत राशीवरच मारा. ते नाल्यात सोडलंत तर वायूबरोबर जल कायद्याचं प्रकरणही उभं राहील.

उत्तर दोन पानांचं लिहा. धुमसणं मान्य करा, आवक कोणत्या तारखेपासून थांबवली ते लिहा, अर्जाची पावती, ढिगांचे आधीचे-नंतरचे फोटो, तापमानाची वही जोडा. शेड आणि फरशी पंधरा दिवसांत होणार नाही, तर मुदत संपायच्या आत मुदतवाढ मागा आणि कोणतं काम कोणत्या तारखेला पुरं होईल ते सांगा. ज्या घरांनी तक्रार केली तिथे भावाला घेऊन स्वतः जाऊन या. तुमचं आवार बंद पडावं असं मला अजिबात वाटत नाही. ते बंद पडलं तर त्या फांद्या कुठेतरी रिकाम्या प्लॉटवर जातील आणि कोणीतरी त्या पेटवेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीत सफाईवाले रोज सकाळी पाला गोळा करून कोपऱ्यात जाळतात. कमिटीला सांगितलं तर म्हणतात, पानंच तर आहेत. याला नियम आहे का?
— एक गृहिणी, राजेंद्र नगर

उत्तर : आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा वेगळा साठवून निगम सांगेल तसा द्यायचं बंधन घातलं. कमिटीला हे लेखी द्या. सफाईवाल्यांवर रागावू नका, त्यांना कोणी दुसरी जागाच दिलेली नाही. कुंपणाच्या जाळीचा चार फुटी पिंजरा झाडाखाली उभा करा, त्यात पाला भरा, अधूनमधून शेण किंवा ताक घातलेलं पाणी शिंपडा. पावसाळ्यानंतर खत मिळेल. फांद्या कुणा आवारवाल्याला देणार असाल तर त्याच्या संमतीची प्रत आणि दर खेपेची वजनपावती मागून घ्या. तुमचा कचरा शेवटी कुठे गेला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : माझा नमकीनचा छोटा कारखाना आहे. फर्निचरवाला प्लायचे तुकडे फुकट देतो, भट्टीत चांगले पेटतात. चालेल ना?
— एक वाचक, छावणी

उत्तर : नाही. वरच्या पहिल्या उत्तरात प्लायबद्दल जे लिहिलं आहे ते तुमच्या भट्टीला जास्तच लागू आहे, कारण तिथे खायची वस्तू तळली जाते आणि तुमचे कारागीर दिवसभर त्या धुरासमोर उभे असतात. गॅसवर जायचं गणित एकदा मांडून पाहा. तोवर साधं, बिनरंगाचं, वाळलेलं लाकूड किंवा खात्रीच्या ठिकाणचे ब्रिकेट वापरा, आणि विकणाऱ्याला त्यात काय घातलंय ते विचारा. उरलेले प्लायचे तुकडे फर्निचरवाल्याला परत करा. आतापर्यंत साठलेली भट्टीची राख मात्र कुंड्यांना किंवा भाजीच्या वाफ्याला घालू नका. रंगातले आणि लाकडात मुरवलेल्या औषधातले धातू जळून नाहीसे होत नाहीत, त्यांतले बरेच राखेत गोळा होतात.