बिल्ज पंपातून उलटं येणारं पाणी: एनआरव्हीवर भरवसा ठेवू नका

तुम्ही लिहिलंय, मालवणला ठेवलेली शिडाची बोट वाऱ्याला कलली की बिल्ज (बोटीच्या तळाची पाणी साचायची जागा) उपसणारा पंप पाणी उपसून थांबतो आणि थोड्या वेळात तळाला पुन्हा पाणी दिसतं. मेस्त्री म्हणतो एनआरव्ही बसवा, म्हणजे पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह. आपण कोल्हापूरची माणसं, पंप म्हटलं की पंचगंगेकाठची मोटर आणि तिचा फूट व्हॉल्व्हच डोळ्यासमोर येणार. पण तिथं व्हॉल्व्हचं काम पाइपात पाणी धरून ठेवायचं. बोटीत पाइप रिकामा झालेलाच बरा.

आधी मोजा. बोट सरळ उभी असताना कोरड्या बिल्जमध्ये बादलीभर पाणी ओता, पंप चालवा आणि थांबल्यावर किती परत आलं ते बघा. एक इंची पाइपात मीटरला अर्धा लिटर मावतं. तीन मीटर पाइप असला तर दीड लिटर माघारी येणारच, कारण पंपातला पंखा पाणी अडवत नाही. तेवढ्यावर थांबलं तर काळजी नाही. कलल्यावर आउटलेट, म्हणजे पाणी बाहेर सोडणारं तोंड, समुद्रात बुडून पाणी मात्र वाढतच गेलं, तर तो सायफन. ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीनं डिझेल काढतो ना, तसाच. फक्त इथं टाकी म्हणजे अख्खा समुद्र.

मीही आधी एनआरव्हीच लावला होता, राव. देवगडच्या अलीकडं बोट एका अंगावर गेली, आउटलेट पाण्याखाली. व्हॉल्व्हच्या पाकळीखाली जाळ्याचा बोटभर नायलॉन दोरा अडकलेला, पाकळी अर्धी उघडी. केबिनमधली चप्पल तरंगायला लागली तेव्हा कळलं. (कोल्हापुरीच होती, फुगून वाया गेली.) आणि एनआरव्ही चांगला असला तरी आणखी एक खोड आहे: वर पाण्याचा स्तंभ उभा राहतो, खाली पंपात हवा कोंडते आणि छोट्या पंपाला पाकळी उचलताच येत नाही. पंप गरगरतो, पाणी जागचं हलत नाही.

खरा इलाज पाइपाच्या वाटेत आहे. बोट जास्तीत जास्त कलल्यावरही पाण्याच्या वर राहील इतक्या उंचावर पाइपाचा उलटा यू घ्या, तोही बोटीच्या मध्यरेषेजवळ. बाजूला घेतला तर कलताना तोच खाली जातो. माथ्यावर हवा आत घेणारी झडप हवी, नाहीतर नुसत्या यूवरूनही सायफन चालू राहतो. माझा यू मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३१६ स्टेनलेस स्टीलमध्ये वाकवून घेतला. आउटलेटही जमेल तितकं वर न्या. मागच्या फळीत असेल तर चार माणसं मागं बसल्यावर ते कुठं येतं, तेही बघा. पाइप आतून गुळगुळीत घ्या, वळ्यावळ्यांचा नको.

एनआरव्ही एकाच ठिकाणी चालतो: पाइपातलं पाणी माघारी येऊन फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) पुन्हा उचलतो, पंप चालू-बंद होत बॅटरी संपते, तेव्हा. त्याआधी स्विच दोन बोटं वर सरकवून बघा, बहुतेक तेवढ्यानं भागतं.

हवेची ती झडप मिठानं चिकटते. पावसाळ्यानंतर बोट पाण्यात सोडण्याआधी ती काढून गोड्या पाण्यात धुवा आणि तोंडानं फुंकून बघा. तुमचा पाइप किती लांब आहे आणि मोजल्यावर किती पाणी परत आलं, ते लिहा.