आईचा सीआरपी १८ आलाय, सकाळी बोटं आखडतात. शरीरात दाह म्हणजे नेमकं काय? (नाशिक)

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. दाह (इन्फ्लमेशन) म्हणजे संसर्गाला किंवा इजेला प्रतिकारशक्तीनं दिलेला प्रतिसाद; त्यात सूज आणि दुखणं येतं. रक्तात सीआरपी वाढलं, तर शरीरात दाह आहे एवढंच कळतं. कुठे, कशानं, ते नाही. लघवीचा संसर्ग किंवा हिरड्यांतला पू, यानंही ते वाढतं. पावसाळ्यानंतर नाशकात चिकुनगुनियाही असाच सांधे धरतो, म्हणून मागे ताप येऊन गेला का ते आठवा.

पण बोटं रोज तासभर आखडत असतील आणि दोन्ही हातांच्या पेरांवर सूज असेल, तर आधी आमवात (रुमेटॉइड आर्थरायटिस) तपासा: आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या. आमवातात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. नाशकात संधिवाततज्ज्ञ आहेत, लगेच मुंबई गाठायला नको.

आणि कुणी दिलेल्या ‘वाताच्या पुड्या’ अजिबात नको. त्यांत कधीकधी स्टेरॉइड असतं. सूज झटकन उतरते, निदान मात्र लांबतं.