परार्ध : अर्ध कशाचं?

चोपड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी सत्यनारायण होता. संकल्पात गुरुजी 'ब्रह्मणो द्वितीये परार्धे' म्हणाले आणि आठवीतल्या चिरंजीवांनी मध्येच तोंड घातलं : "परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं ना? मग ते अर्ध कशाचं? आणि दुसरं कसं?" गुरुजींनी त्याच्या हातावर पळीभर पाणी सोडलं आणि पुढं गेले.

मुलाची शंका रास्त आहे. शब्द एकच, अर्थ दोन.

संकल्पातला परार्ध काळाचा. ब्रह्मदेवाचं आयुष्य त्याच्या मापानं शंभर वर्षं, त्यातली पन्नास सरली, आपण पुढच्या पन्नासात. इथं अर्ध म्हणजे सरळ निम्मं. हे निम्मं आपल्या वर्षांत १५,५५,२०,००,००,००,००० भरतं. जुन्या पद्धतीनं वाचायचं तर एक जलधी, पाच शंकू, पाच महापद्म, पाच निखर्व, दोन खर्व. (वाचून बघा, जीभ मजेत वळते.) संख्येतला परार्ध याच्या सुमारे ६४३ पट मोठा, म्हणजे हे दोन एक नव्हेत.

संख्यावाचक परार्धात मात्र 'निम्मं' शोधू नये. संस्कृतात 'अर्ध'चा एक अर्थ बाजू, भाग असाही आहे. परार्ध म्हणजे पलीकडची बाजू, मोजणीचं पल्याडचं टोक. असं म्हणायला आधार काय, तर या शब्दाची किंमत बदलत गेली पण जागा बदलली नाही. शुक्ल यजुर्वेदात दहादहा पटींनी वाढणाऱ्या संख्यांच्या नावांची यादी आहे, तिच्यात परार्ध शेवटी येतो, पण तो एकावर बारा शून्यं एवढाच, म्हणजे आजच्या बातम्यांतले 'एक लाख कोटी'. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात यादी लांबली, अठरा नावं झाली, आणि परार्ध सरकत सतरा शून्यांवर गेला. शेवटचा तो शेवटचाच. त्याचे शेजारी 'मध्य' आणि 'अंत्य' यांची मात्र अदलाबदल झाली : वेदात मध्य आधी, लीलावतीत अंत्य आधी. अंत्यानंतर मध्य हा क्रम मला आजही खटकतो.

भास्कराचार्यांचा विषय निघाला की आम्हा खानदेशी माणसांची छाती थोडी फुगतेच. चाळीसगावजवळ पाटणादेवीला १२०७ चा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवानं मठ काढला, त्याची ही नोंद. लीलावतीत यादी संपताच म्हटलंय की पूर्वसूरींनी स्थानांची ही नावं व्यवहारासाठी केली. आता व्यवहारात कोटीच्या पुढं जायचं तर आपण पुन्हा लाखाकडेच वळतो, 'लाख कोटी' म्हणतो. आमच्या आजीला असा आकडा वाचून दाखवला की ती विचारायची, "म्हंजे कितलं?" खर्व-निखर्व तिला लहानपणापासून पाठ होते, 'लाख कोटी'नं ती गोंधळायची.

एक बारकावा : परार्ध हे अठरावं स्थान, पण शून्यं सतराच, कारण पहिलं स्थान एककाचं. 'अठरा शून्यं' लिहिलेलं दिसलं तर ती चूक.

आता चिरंजीवांसाठी. परार्ध म्हणजे दहाचा सतरावा घात, आणि १७ मूळसंख्या असल्यानं तो कुठल्याही पूर्णांकाचा ना वर्ग, ना घन. एवढा सम, गोल दिसणारा आकडा, पण वर्गमूळ काढायला बसलं की ३१,६२,२७,७६६ च्या जरा पुढं अडकतं. त्याला विभाजक किती? दोन सतरा वेळा, पाच सतरा वेळा, म्हणून १८ गुणिले १८, म्हणजे ३२४. परार्धाला ११ नं भाग जात नाही. पण त्यात फक्त एक मिळवा आणि भागून बघा : उत्तर येतं ९०९०९०९०९०९०९०९१. हा भागाकार त्यानं कागदावरच करावा, मोबाइलवर नको. बरेच कॅल्क्युलेटर शेवटचा एक गिळून टाकतात.