टाकीतल्या झाडांसाठी पुस्तक निवडताना

माशांच्या टाकीत पाणझाडं लावण्याआधी कोणतं पुस्तक घ्यावं असं विचारताय, हे फार चांगलं करताय. पुस्तक हातात आलं की फोटोंवर जाऊ नका, सरळ अनुबियास या पाणझाडाची माहिती असलेलं पान काढा. त्याचं जाड आडवं खोड रेतीत पुरायचं नाही, लाकडाला किंवा दगडाला बांधायचं, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं हवं. पुरलं की ते कुजतं. एवढंही नसेल तर पुस्तक खाली ठेवा.

‘गॅलनला इतके वॉट’, म्हणजे टाकीतल्या पाण्याच्या मापावरून दिवा ठरवायचा, हा हिशेब ट्यूबलाइटच्या जमान्यातला. एलईडीला तो लागू होत नाही, त्यामुळे जुन्या पुस्तकातलं प्रकाशाचं प्रकरण सोडून द्या.

माझं मत विचाराल तर पहिलं पुस्तक डायना वॉलस्टॅड यांचं ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’ (1999). खाली साधी माती, वर खडीचा थर आणि सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड वायूचं) सिलिंडर नाही, ही त्यांची पद्धत नवशिक्याच्या खिशाला परवडते. रसायनशास्त्र जड वाटेल, पण ते नेटाने वाचाच. झाडं का मरतात ते त्यातूनच कळतं. क्रिस्टेल कासेलमान यांचा ‘अ‍ॅक्वेरियम प्लांट्स’ हा जाडजूड संदर्भग्रंथ नंतर घ्या.

थंड देशातली पुस्तकं हीटर कोणता घ्यावा ते सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पाणी तिशीच्या वर जातं, म्हणून प्रत्येक झाडापुढे कमाल तापमान दिलंय का, ते बघा. आणि क्रिप्टोकोरिन हे पाणझाड जागा बदलली की पानं गाळतं, पण मुळं जिवंत असतात. ते उपटून फेकू नका, असं सांगणारं पुस्तक बिनधास्त घ्या.