२ नोव्हेंबरच्या मिसाला पहिल्यांदा येतोयस म्हणून

अरे, ऑल सोल्सच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या दिवसाच्या, मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) जरा लवकर ये, सगळी घरं आपापल्या माणसांच्या कबरी पुसून फुलं-मेणबत्त्या लावायला येतात त्यामुळे गर्दी होते. प्रार्थना कोंकणीत असेल, सगळी नाही कळली तरी चालेल, लोक उभे राहिले की उभा राहा. बाप्तिस्मा झालेला नाही तर कम्युनियनच्या वेळी, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला लोक पुढे जातात तेव्हा, जागेवरच बसून राहा, कोणी काही म्हणत नाही.

आणि येण्याआधी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय वाच रे. लाजारला कबरेत ठेवून चार दिवस झालेले, त्याची बहीण मार्था आधी येशूकडे तक्रारच करते की तू इथे असतास तर भाऊ मेला नसता, आणि त्याच तोंडाने विश्वासही कबूल करते. पुनरुत्थानाची, मेलेले पुन्हा उठतील ही, आशा म्हणजे रडायचं नाही असं नाही, येशूसुद्धा तिथे रडला. आजीसाठी मेणबत्ती नक्की आण.